पिझ्झ्याचा गोळा गाईला

पिंपरी, १२ जानेवारी १९५६

ह्यांच्या कारखान्यातल्या अमेरिकन साहेबांच्या बायकोने, रूथबाईंनी, आज मला नि सासूबाईंना पिझ्झा खायला बोलावलं होतं. त्यांच्या शिकागोत तो लढाईच्या काळात निघाला म्हणे. खोल थाळ्यात जाड पोळी, चीज तळाशी आणि टोमॅटो वर. सगळं उलटंच!

बाई जरा आत गेल्या. ओट्यावर मैद्याचे दोन गोळे, टम्म फुगलेले, आंबूस वासाचे. सासूबाईंसमोर बाईंची फजिती नको, म्हणून एक गोळा मी गुपचूप फाटकापाशी गाईला घातला. आंबलेल्या कणकेचं दुसरं काय करतात?

"आटा किधर गया?" बाईंनी विचारलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"मैंने गाय को दिया," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई! मीठ कमी पडलं तरी चारचौघांत मला नावं ठेवणाऱ्या!

बाई पोट धरून हसल्या. उरलेल्या गोळ्याचा पिझ्झा आम्ही तिघींनी चाटूनपुसून खाल्ला.

वाटेत मी विचारलं, "असं का केलंत?"

"खिडकीतून बघितलं मी तुला. म्हातारीला कोण बोलतंय? आणि गोळा आंबलेलाच होता."