तिसऱ्या वर्षाचं काम

आष्टा,
ता. ३ ऑक्टोबर १९७४

प्रिय कृष्णात,
सप्रेम नमस्कार.

तुझं पलटणीतून आलेलं पत्र सोमवारी मिळालं. अंजनावहिनी आणि पोरी बऱ्या आहेत. तुझ्या रानात शाळू पेरून झाला. नाथाजीतात्यांनी स्वतः उभं राहून पेरून घेतला. माझी कुपवाडची नोकरी चालू आहे. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे, तेच.

तू विचारलंस, आई पहाटे सांगली रस्त्यावर कशाला गेली होती? तारेत मी नुसतं 'अपघात' लिहिलं होतं. वहिनींना हे लिहायची लाज वाटते. मीही दोनदा पत्र लिहून फाडलं.

उन्हाळ्यात नगरपालिकेनं कळवलं, गल्लीनं आपली कामं एकमतानं ठरवून नकाशासकट द्यावीत, वर्षाला एक काम होईल. नकाशा येणारा आपल्या गल्लीत मी एकटाच. मी घरोघर फिरलो, पारावर बैठका घेतल्या. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटायचा. बायकांतून बैठकीला तुझी आई, आमची सुलाकाकी, तेवढी आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "नेमा, आदी बायकांचा संडास लिव्ह. वड्याला पाणी आलं की आमी रस्त्याकडंला बसतुया. गाडीचा उजीड पडला की उठून हुबं ऱ्हायाचं. माझं गुडघं आता उठू देत न्हाईत रं."

माणसं हसली. नाथाजीतात्या म्हणाले, "पयला रस्ता, मग समाजमंदिर. न्हाईतर माझी सही न्हाई." त्यांच्या शब्दावर पंधरा घरं होती. संडास मी नकाशात काढला होता, तुझ्या परड्यामागच्या मोकळ्या जागेत. सह्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून त्यावर 'तिसरे वर्ष' लिहिलं.

"दोनच वर्षं काढ, काकी," मी म्हणालो.

"बरं बाबा. तू शिकल्याला हाईस."

ऑगस्टात ओढा भरला. त्या पहाटे वहिनी बरोबर होत्या. लॉरीचा उजेड पडला तशा सगळ्या उठल्या. काकी घाईनं उठायला गेली आणि तोल जाऊन रस्त्यावर पडली. लॉरीवाल्यानं ब्रेक दाबला, पण रस्ता ओला होता. ओरडा ऐकून मी धावलो आणि त्याच लॉरीतून तिला सांगलीला न्यायला निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मिरवाडीच्या अलीकडंच ती गेली.

बाराव्यानंतर मी नवा नकाशा काढला. संडास पहिल्या वर्षी. तात्यांनी सगळ्यांच्या आधी सही केली आणि बाहेर जाऊन डोळे पुसत बसले. आता पाया खणतायत.

लोक लॉरीवाल्याला दोष देतात. वहिनीही देतात. मला ऐकवत नाही. परवा आमचं पर्युषण संपलं. वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायला त्या दिवशी आम्ही घरोघर जातो. सगळ्या गल्लीत गेलो. तुझ्या दारात वहिनींनी "या भावजी" म्हटलं, आणि मी तसाच मागं फिरलो.

ती क्षमा तुझ्याकडं मागतोय. द्यायलाच हवी असं नाही. पण सुटीवर आलास की एकदा मला तोंडावर काय ते बोल.

तू अजून म्हणू देशील तर,
तुझा
नेमिनाथ