सात ते आठ

लोअर परळ, मुंबई
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. गौतमी हिस,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. महिन्याने एक पत्र, त्यातलं निम्मं चिपळूणच्या पाण्यावर आणि उरलेलं लागत नाही. अक्षर सुधारायचं तुझं वय गेलं हे मान्य, पण निदान 'र' आणि 'न' वेगळे काढ.

माझ्या डोळ्याची काळजी नको. जूनअखेरीस उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तो उत्तम निघाला. थेंब वेळेवर घालते. मात्र दिवाळीपर्यंत वाचायला मनाई आहे. त्यामुळे यंदा वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडे नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. आषाढी पौर्णिमेपासून खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई वाचतात. रुग्णालयात झाडूकाम करून निवृत्त झालेल्या, माझ्या साक्षरता वर्गात पाटी धरणाऱ्या त्याच. वाचन हळू आहे, पण नेटाने करतात.

चाळीतला 'सात ते आठ टीव्ही बंद' हा नियम यंदाही पाळला जातो. मी तो करून अकरा वर्षं झाली, वर्षावासाच्या तीन महिन्यांत कोणी मोडलेला नाही. आनंदीबाईंची सासू-सुनेची मालिका नेमकी साडेसातला असते. त्या तोंड पाडून का होईना, विहारात येऊन बसतात.

प्रितीला सांग, तिने दिलेला टॅब चांगला आहे. मी त्यावर बातम्या ऐकते. तिच्यासाठी स्थळं बघता आहात असं लिहिलंस. नोकरी, घर बघाच, पण मुलगा समोरच्याचं मन ओळखणारा आहे का तेही बघा. न बोलता काळजी घेणारी माणसं जगात असतात. असो.

सर्वांना माझा जय भीम. लोभ ठेवताना जरा लिहिण्याचा कंटाळा सोड.

तुझी,
विशाखाताई


चिपळूण
११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
गौतमीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझी बोलणी मिळाली, मधे मधे खुशालीही मिळाली! ताई, तू माझ्या 'र'वर घसरलीस म्हणून मी तुझं पत्र नीट निरखून बघितलं. अक्षर मुंगीएवढं, एक ओळ वाकडी नाही. दिवाळीपर्यंत वाचायला मनाई आणि लिहायला मुभा, असे कोणते गं तुझे डॉक्टर? आणि 'न बोलता काळजी घेणारी माणसं' हे वाचून तर मी चष्मा पुसला. माझ्या लग्नाच्या वेळी तू फक्त त्यांची पगाराची चिठ्ठी मागितली होतीस.

आता कामाचं. प्रिती पुण्याहून रोज कुरकुरते आहे. टॅबवर तिने तिचं मालिका बघायचं खातं घालून दिलंय ना, ते एका वेळी दोनच ठिकाणी चालतं म्हणे. एकावर तिची खोलीतली मैत्रीण, दुसऱ्यावर ही. पण महिनाभर झाला, संध्याकाळी सातला ती कामावरून येऊन बसली की पडद्यावर पाटी येते, दोन्ही जागा भरल्या आहेत. आठ वाजले की पाटी जाते. तिने शोधलं तर 'मावशी' नावाखाली कोरियाच्या दोन मालिका संपलेल्या आणि चीनची एक, अठ्ठेचाळीस भागांची, चालू. तिसाव्या भागापर्यंत मजल गेली आहे.

प्रितीला वाटतंय की कोणीतरी खातं चोरलं. मावशी आणि मालिका, ते पण प्रेमाच्या, असं म्हणून पोट धरून हसली. तीन वर्षांपूर्वी ती तुझ्याकडे राहून माटुंग्याला शिकत होती, तेव्हा हेच बघते म्हणून तू तिला चारचौघींत काय काय बोललीस ते ती विसरलेली नाही. ती पासवर्ड बदलणार होती. मी थांब म्हटलं.

ताई, वाचन सातलाच असतं ना? तू विहारात असताना तुझ्या खोलीत कोण शिरतं? फोनवर विचारलं नाही, कारण आपल्या चाळीत फोनवरचं बोलणं चार खोल्यांना पोचतं.

वेळेवर जेव. मी वाकड्या अक्षरात का होईना, तुझीच आहे, तेव्हा खरं ते कळव.

तुझी,
गौतमी


लोअर परळ
१७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. गौतमी हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

खोलीत कोणी शिरत नाही. मीच असते.

आता सगळं सांगते, मधे तुझे उद्गार मनातल्या मनात ठेव. शस्त्रक्रियेनंतर पहिले पंधरा-वीस दिवस वाचायची मनाई खरीच होती. दुपारी पडून पडून कंटाळा आला, म्हणून एकदा टॅब लावला. बोट कुठेतरी लागलं आणि कोरियातलं एक बंदराचं गाव आलं. तिथे नूडल्सचं दुकान चालवणारी एक विधवा आणि तिच्या माडीवर भाड्याने आलेला गुरांचा डॉक्टर. बंद करणार होते. पण जेवताना तो माशाचे काटे काढतो आणि तो मासा काही न बोलता तिच्या वाडग्यात ठेवतो. नऊ भाग झाले तरी त्याने तिच्या बोटाला बोट लावलेलं नाही, नुसते काटे काढतो. गौतमी, मी अडुसष्ट वर्षांची आहे. आयुष्यात मला कोणी काटे काढून मासा वाढलेला नाही आणि वाढावा असं कधी वाटलंही नव्हतं. त्या दिवशी वाटलं. मी उठून दार लावलं, जणू खोलीत काही वाईट चाललं होतं.

खाली इंग्रजी अक्षरं पळतात ती वाचावी लागतात, म्हणजे मनाईही मोडलीच. डोळ्याला काही झालं नाही.

१४ जुलैला तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले की आता खुशाल वाचा. मी घरी आले तर जिन्यात सुंदराबाई उभ्या, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला ग्रंथ छातीशी धरून. पहिले चार दिवस त्यांनी कसंबसं निभावलं होतं आणि तो मला परत द्यायला आल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. वर टॅबवर एकोणिसावा भाग अर्धा राहिला होता. आणि माझ्या तोंडून निघालं की दिवाळीपर्यंत वाचायचं नाही. ठरवलं नव्हतं. चौतीस वर्षं शाळेत मुलांच्या थापा पकडल्या, माझी थाप मात्र त्यांच्यापेक्षा सफाईने निघाली. सुंदराबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या की डोळा सांभाळा बाई, पुस्तकाचं मी बघते.

तेव्हापासून रोज सातला मी उजेड सोसत नाही असं सांगून दार लावते, कानात टॅबची बोंडं घालते आणि बसते. एकच बोंड घालते. दुसऱ्या कानाला खिडकीतून विहारातला स्पीकर ऐकू येतो. आधी सगळ्या मिळून पंचशील म्हणतात. चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं, आणि मी सवयीने ओठ हलवते. मग सुंदराबाई वाचतात. एकेक जोडाक्षर फोडून फोडून. तासाला दीड पान होतं. पोरी खुसफुसतात तेही ऐकू येतं. दुपारभर त्या दारात बसून बोट फिरवत तयारी करतात, वय त्र्याहत्तर. सातच्या आधी माझ्याऐवजी त्याच दारोदार जाऊन टीव्ही बंद करायला लावतात. माझं दार तेवढं वाजवत नाहीत.

सगळ्यात वाईट अजून सांगितलं नाही. साडेआठला त्या वर येतात. बाईंना वाचता येत नाही म्हणून आज काय वाचलं ते माझ्याजवळ बसून सांगतात. टॅब उशीखाली गरम असतो. मी त्यावर हात ठेवून मान डोलावते.

मालिका सोडून पाहिली. दोन दिवस सुटली. चीनच्या मालिकेत सेनापती तापाने पडला होता, तो उठला की नाही ते कळेना. उठला. मी रडले. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की जेवले नाही.

प्रितीला खरं सांग. हसली तर हसू दे. मी तिला तेव्हा जे बोलले ते आनंदीबाईंसमोर बोलले होते, आठवतं मला.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तर तसं स्पष्ट लिही, आडून सुचवू नकोस.

तुझी,
विशाखा


चिपळूण
२३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

वाचून आधी हसले, मग टॅबवर हात ठेवलेली तू डोळ्यांसमोर आलीस आणि हसू गेलं.

अगं, मालिका बघितलीस, चोरी नाही केलीस. जन्मभर तू दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यास. आई गेली तेव्हा मला वाढवलंस, स्वतःचं लग्न मागे टाकलंस. दोन माणसं एकमेकांकडे बघताना तुला बघावीशी वाटली तर कोणाचं काय गेलं?

पण सुंदराबाईंचं जातंय, ते मला पटलं. तर साधा उपाय कर. सांग की पुन्हा तपासलं, डॉक्टरांनी लवकर परवानगी दिली. उद्यापासून ग्रंथ घे आणि वाचायला लाग. त्या सुटतील, तू सुटशील, कोणाला काही कळायचं नाही. मालिका दुपारी बघ, दुपारी प्रिती कामावर असते.

प्रितीला सांगितलं. म्हणाली की मावशीला सांग, तू गुरांच्या डॉक्टरपासून सुरुवात केलीस हे बरं केलंस, वकिलांच्या मालिका रटाळ असतात. आणि फोन ठेवला. तिला थोडा वेळ दे.

आमचा लोभ आहे तिथेच आहे, तू जेवत जा.

तुझी,
गौतमी


लोअर परळ
१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. गौतमी हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझा उपाय करायला मी गेलेही होते. परवा दुपारी खाली उतरले, तोंडात वाक्य तयार होतं. सुंदराबाई दारात बसून त्या संध्याकाळचं पान वाचत होत्या. समासात पेन्सिलीने खुणा केलेल्या, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा. वर्गात मीच शिकवलेल्या खुणा. मला पाहून त्यांनी पुस्तक झाकलं, जणू मी चूक पकडायला आले आहे. तयार वाक्य टाकून खरं तेच सांगितलं, चौदा जुलैपासून सगळं.

मला वाटलं, त्या मालिकेवरून काही बोलतील. त्याचं त्यांना काही नव्हतं. म्हणाल्या की बाई, मनाई डोळ्याला होती, कानाला नव्हती. तुम्ही एक दिवस खाली येऊन बसला नाहीत. मला वाटलं, माझं असलं वाचन बाईंना ऐकवत नाही. शिकवलं त्याचीच त्यांना शरम वाटत असेल. म्हणून मी रोज वर येऊन तोंडी सांगत होते, तोंडी सांगताना मी चुकत नाही.

गौतमी, मी इतके दिवस लाजत होते ते भलत्याच गोष्टीसाठी. प्रेमाच्या मालिका बघते म्हणून, थाप मारली म्हणून. दीड महिना ही बाई माझ्यामुळे स्वतःची लाज वाटून घेते आहे, हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नाही. परक्या देशातल्या माणसाने मान वळवली तरी त्याच्या मनात काय आहे ते मला कळत होतं.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते सांगता येत नाही. एवढंच म्हणाल्या की मला एकटीला सांगून भागायचं नाही. टीव्ही तुम्ही सगळ्यांचे बंद केलेत, तर सगळ्यांना सांगा.

त्याच संध्याकाळी पांढरी साडी नेसून खाली गेले. पंचशील झालं. चौथ्या शीलाला मी ओठ मिटून घेतले. मग उठून पस्तीसेक बायकांसमोर सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, कारणं दिली नाहीत. आनंदीबाईंनी विचारलं की बाई, त्या सेनापतीचं मग पुढे लग्न होतं का? सगळ्या हसल्या. मला वाटतं, त्यांनी मला सोडवायलाच विचारलं असेल, पण माझे कान असे तापले की वर बघवेना. म्हटलं, अजून चार भाग राहिलेत, ठाऊक नाही. त्यावर आणखी हसल्या. नियमाचं काय, असंही मागून कोणीतरी विचारलं.

मग बावीस वर्षांच्या सवयीने मी ग्रंथासाठी हात पुढे केला. सुंदराबाईंनी तो दिला नाही. रागाने नव्हे, साधेपणाने म्हणाल्या की बाई, बसा. मी आधी वाचायच्या आसनाकडेच वळले, मग लक्षात आलं आणि मागे जाऊन सतरंजीवर आनंदीबाईंशेजारी जागा केली. त्यांनी गुडघा आखडून घेतला.

सुंदराबाईंनी वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत एक लांबलचक जोडाक्षर आलं आणि त्या थांबल्या. सगळ्या माना वळून माझ्याकडे बघू लागल्या. शब्द माझ्या जिभेवर होता. सुंदराबाई तेवढ्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं बोट त्या अक्षरावर टेकलेलं होतं. मी खाली मान घालून सतरंजीच्या दशा मोजत राहिले. त्यांनी अक्षर फोडलं, चुकलं, पुन्हा फोडलं, मग पुरा शब्द म्हटला आणि पुढे गेल्या.

त्या रात्री साडेआठला त्या वर आल्या नाहीत. कालही नाहीत. मी रोज सातला खाली जाऊन बसते.

माझा जय भीम सर्वांना सांग. लोभ ठेव म्हणायला यावेळी जीभ अडते, तुला ठेवावासा वाटला तरच ठेव.

तुझी,
विशाखा