थंडी मागणारा कोबी

प्रिय अण्णा,

आज पहाटे तुम्ही आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कोबीला पाणी देत होतात. गाड्या जागच्या जागी उभ्या आणि त्यांच्यामधून सरळ वाफे. कोबी मात्र हिरवा नव्हता. जांभळा, गुलाबी, मध्येच पांढराशुभ्र! गुडघाभर धुकं होतं. तुम्ही खोऱ्याने पाण्याची वाट फिरवलीत, वर आपल्या तिसऱ्या मजल्याकडे एकदा बघितलंत आणि परत कामाला लागलात. मी काचेच्या दारामागून हाका मारत होते, पण दार लावलेलं होतं. जाग आली तेव्हा उजाडत होतं. म्हटलं, आता लिहायचंच. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि एक गोष्ट विचारायची राहिली आहे.

मी तुमच्या बाबतीत चुकले का हो?

मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरात, सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून मी सहा कुंड्या आणल्या, आठवतं? नर्सरीवाली त्याला शोभेचा 'केल' म्हणत होती, कोबीचाच भाऊबंद. तुम्ही पहिल्याच दिवशी त्याचा कोबी करून टाकलात.

"गड्डा कुठाय ह्याचा?"

"अण्णा, याला गड्डा येत नाही. नुसती पानं बघायची."

"आन खायाचा कवा?"

"खात नाहीत फारसा. शोभेचा आहे."

दुभती म्हैस आणून तिचं दूध काढायचं नाही म्हणावं, तसे तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "जलमभर मंडईला कोबी घातला, पर शोभेचा कोबी आज बघितला. पेठंतल्या शाळंत घातली पोरीला, आता काय बोलायचं!" मला मावशीकडे शनिवार पेठेत ठेवून शिकवलंत तुम्हीच आणि टोमणे मारायलाही तुम्हीच पुढे! असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही बाल्कनीत उकिडवे बसून एकेक पान उलटं करून अळ्या वेचत होतात. मांजरी गावातलं आपलं वावर जाऊन त्यावर ही इमारत झाली आणि आपल्याला हा फ्लॅट मिळाला, तेव्हापासून मी तुम्हाला असं भान हरपून बसलेलं पाहिलं नव्हतं. खालची पिवळी पानं तुम्ही खुडून टाकलीत. "कुंड्या लांब लांब ठिव, न्हाईतर मावा पडंल," असा मला हुकूम सोडलात. एक पान चोरून चावूनही बघितलंत.

"कसं आहे?" मी विचारलं.

"कडूबी न्हाई, गोडबी न्हाई. पाव्हण्यावानी हाय."

किती हसलो होतो आपण!

मग जानेवारी लागला आणि तुमची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, गारठ्यात बसवू नका. मी ते शब्द गाठीला बांधले. बाल्कनीचं दार लावलं, खालच्या फटीत टॉवेल कोंबला. तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला नको म्हणून सगळ्या कुंड्या आत आणल्या आणि तुमच्या कॉटसमोर मांडल्या. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल.

तुम्ही म्हणालात, "त्यांना आत नगं आणू, मंदे. थंडी खाल्ल्याबिगर ह्यो रंग टिकायचा न्हाई. आन मलाबी जरा बाहीर बसीव. पाचच मिन्टं."

आणि मी काय म्हणाले? "कोबीच्या नावाखाली तुम्हालाच बाहेर जायचंय, कळतं मला!" मोठी शहाणी लागून गेले होते ना मी!

रोज सकाळी तुम्ही विचारत होतात. पाचच मिनिटं. चहा होईपर्यंत. ऊन आल्यावर तरी. मी कधी रागावून, कधी लाडात येऊन नाही म्हणत होते. कुंड्यांमधली नवी पानं हिरवी निघायला लागली, तर मी खताला दोष दिला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने त्यातल्या त्यात रंगीत राहिलेला एक कोबी कापून पितळी तांब्यात पाण्यात ठेवला. बायका बोट लावून बघत होत्या, "खरा आहे का हो?" तुम्ही आतल्या खोलीतून ओरडलात, "खोटा असता तर आळी पडली असती का?" तुमचं तेवढं मोठ्याने बोललेलं मी नंतर ऐकलं नाही.

कारण एका सकाळी तुम्ही विचारलंच नाहीत. मी दाराशी उभी राहून वाट बघितली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. आणि अण्णा, मला बरं वाटलं! खरं सांगते, मनात म्हणाले, चला, पटलं एकदाचं. त्यानंतर आठवड्याने तुम्ही गेलात. तांब्यातला कोबी तेव्हाही ताजा होता.

या वर्षी मी बी आणून रोपं केली. हो, मी! गणपती झाल्यावर ट्रेमध्ये पेरलं, चार पानांवर आल्यावर कुंड्यांत लावलं, सकाळी अळ्या वेचल्या. आणि डिसेंबरात गारठा पडल्यावर काय केलं असेल? रोज संध्याकाळी कुंड्यांवर जुनी चादर पांघरली. तुमच्या तोंडून ऐकूनही! जिवापाड जपायचं म्हटलं की मला पांघरूणच सुचतं. नाताळ आला तरी पानं आपली हिरवीगार.

शेवटी नर्सरीत जाऊन विचारलं. ती बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो ताई, पांघरूण घालायला कुणी सांगितलं? थंडी खाऊ द्या की त्यांना! रंग थंडीनंच येतो."

मी तिथेच, कुंड्यांच्या रांगेत उभी राहून रडायला लागले. बिचारीला वाटलं, रोपं मेली. "रडू नका ओ, दुसरी देते," म्हणाली. तिला काय सांगणार? घरी येऊन चादर काढली. दहा-बारा दिवसांत पहिल्या कुंडीच्या पोटात गुलाबी डाग दिसला, मग शिरा रंगल्या. आता सकाळी धुकं असताना ती सहाही झाडं अशी दिसतात की मला अजून झोपेतच असल्यासारखं वाटतं.

कोबीचं मला कळलं. पण माणूस म्हणजे कोबी नव्हे, हेही कळतं. बाहेर बसवलं असतं तर तुम्ही दोन दिवस आधी गेला असता का? कोण जाणे. डॉक्टर काही खोटं बोलत नव्हते. पण तुमचे ते दोन दिवस भिंतीकडे बघण्यात गेले, ते मी कुणासाठी वाचवले? तुमच्यासाठी की माझ्यासाठी? अण्णा, तुम्ही गेलेलं मला सोसणार नव्हतं, म्हणून मी तुम्हाला कोंडलं. माफ करा मला.

आणि आता आईचं सांगते. महिनाभर तिची सर्दी हटत नाही. रोज सकाळी म्हणते, "मला त्या कोबीपाशी बसीव गं जरा. ह्यांच्याशी बोलल्यावानी वाटतं." मी म्हणते, आई, गारठा आहे, नंतर. कुंड्या बाहेर, आई आत! कळतंय तरी हात दाराच्या कडीकडेच जातो. काल सकाळी तिने विचारलं नाही. नुसता चहा घेतला. मला तुमची ती सकाळ आठवली.

म्हणून आज उजाडताच तिला स्वेटर घातला, कानाला मफलर बांधला आणि बाहेर खुर्चीत बसवलं. हे लिहितेय तेव्हा ती तिथेच आहे, पानं उलटीपालटी करत तुमच्याशी भांडते आहे. मधूनच खोकते. प्रत्येक खोकल्याला मी खुर्चीतून अर्धी उठते आणि परत बसते. फार अवघड आहे हो हे! पण तुम्हाला शब्द देते, अण्णा. आत कधी यायचं ते ती सांगेल. तोवर मी तिला आत बोलावणार नाही.

तुमची,
मंदा