तार कोणी सोडवली

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९७९
टेलिफोन कालपासून बंद. कानाला लावला की विहिरीत डोकावल्यासारखं. धंदा ट्रान्सपोर्टचा आणि फोन मुका. शहराबाहेर वाडीला आपल्या गोडाऊनवर ट्रक लागला की नाही, एवढं विचारायलाही स्वतः जा. तक्रार नोंदवली. पलीकडचा म्हणतो, "पाहतो." म्हणजे पाहणार नाही.

बुधवार, ७
सकाळी लकडगंजातल्या आमच्या ओळीत घरोघर विचारून आलो. एकूण अकरा फोन बंद. समोरच्या, लाकूड कापायच्या आरा मशीनवाल्या भैयालालजींचाही. लाइनमन मेश्राम सांगतो, नालीच्या खोदकामात केबल तुटली. खोदकाम केव्हाच संपलं. याला काहीतरी हवं असणार. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज केला. सही करताना भैयालालजी हसले. काहून?

शुक्रवार, ९
भैयालालजींची घंटा इथपर्यंत ऐकू येते. औषधवाल्याचाही चालू. दहाच्या दहा चालू, फक्त माझा बंद! अर्ज मी लिहिला म्हणून?
मेश्रामला रस्त्यात गाठलं. म्हणाला, "साहेब, खांबापर्यंत लाइन जिवंत आहे. तुमच्या घरातच काही असंन."
चांगलं झापलं. घरात काय असणार? वाडीच्या त्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने याला फितवलंय. दोन भाडी त्याच्याकडे गेलीच आहेत.

रविवार, ११
रविवारी दहाला रायपूरहून आमच्या पोरीचा, कुंदाचा ट्रंक कॉल असतो. लग्नापासून चुकलेला नाही. सासरी राइस मिल आहे, फोन घरातच. आज येणार कुठून.
खटकलं ते वेगळंच. पोरीचा कॉल दहा मिनिटं लांबला तर सौ. दारात येरझाऱ्या घालते. आज शांतपणे भाजी निवडत होती. अकराला लोणच्याची बरणी घेऊन भैयालालजींकडे गेली, ती तासाने आली. डोळे लाल. म्हणे, मिरची.

सोमवार, १२
मेश्राम स्वतःहून आला. दारामागच्या लाकडी पट्टीवर छोटा डबा आहे, बाहेरची तार तिथे जोडलेली. झाकण काढलं.
"साहेब, तार सुटली नाही. सोडवली आहे कोणीतरी."
स्क्रूवर ताजे ओरखडे. मी विचारलं, कोण असेल? तो खाली पाहून अवजारं भरू लागला. चहाही घेतला नाही. फोन सुरू.
घरात माणसं दोनच. मी आणि ती.

मंगळवार, १३
मुद्दाम वाडीला गेलो, दुपारीच परतलो. फोन बंद. डबा उघडला. तार लोंबकळतेय.
स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिने पाहिलं, गॅस बंद केला.
"हो. मीच सोडवली."
"काहून?"
"तुमाले कुठून कळलं आन् जावयाचा फोन आला, तर तुम्ही त्याले सगळं सांगून बसाल."
सगळं म्हणजे काय, तर तो कुंदावर हात उचलतो. वर्षापासून. कुंदा देवळाच्या निमित्ताने रविवारीही उघड्या असणाऱ्या तारघरात जाते, तिथून भैयालालजींच्या फोनवर आईशी बोलते. गुरुवारी तो मिलवर गेला की सकाळची गाडी धरून निघणार आहे. ओळीतल्या सगळ्यांचे फोन बंद पडले तेव्हाच हिला हे सुचलं; भैयालालजींना ठाऊक होतं, म्हणून सही करताना हसले.
"मले एका शब्दाने सांगितलं नाही?"
"तिने सांगतलं होतं तुमाले. दिवाळीत. तुम्ही पेपर वाचत होते. म्हणाले, जमवून घे."
मला आठवत नाही.
आठवतं.

बुधवार, १४
तार मीच जोडली. सौ. भैयालालजींकडे गेली होती.
रात्रभर विचार केला होता. पोरीने चोरासारखं पळून यायचं, हे बरं नाही. सरळ बोलावं. दुपारी अर्जंट कॉल लावला. जावईच बोलले. नेहमीसारखे गोड. पळून येण्याचं अक्षर काढलं नाही. एवढंच म्हणालो, "कुंदाले थोडे दिवस इकडे पाठवा. तिच्या आईले करमत नाही."
म्हणाले, "अचानक, बाबा? काही कळलं का तुम्हाला?"
"नाही, नाही. सहजच."
"पाठवतो ना. पुढच्या महिन्यात."
कुंदाशी बोलायचं म्हटलं तर म्हणे झोपली आहे. दुपारी चारला. कुंदा कधी दुपारी झोपत नाही.
सौ.ला सांगितलं नाही. उद्या पोरगी येईलच.

गुरुवार, १५
दोघंही स्टेशनवर. गाडी वेळेवर. सगळा फलाट रिकामा होईपर्यंत उभे होतो. मग पुढची गाडी. तीही.
रिक्षात सौ. म्हणाली, "तुम्ही फोन केला होता काय?"
"केला होता."
घरी आल्या आल्या मी रायपूरला कॉल लावला. घंटा जाते, कोणी उचलत नाही. तीनदा. त्यांचाही फोन बंद असेल. असंही होतं. आपल्याकडे नाही का अकरा बंद पडले?
हे मी कोणाला समजावतोय?

शुक्रवार, १६
सकाळी पुन्हा लावला. उचलला आणि ठेवला. म्हणजे फोन चालू आहे.
दुपारच्या गाडीने रायपूरला निघतोय. एक सदरा, एक धोतर, दाढीचं सामान. सौ. दाराशी येऊन उभी राहिली.
"आणायले जाऊन राहिले, का समजवायले?"
"आणायले."
तिने माझ्याकडे पाहिलं. आजवर व्यापाऱ्यांकडे मी असं पाहत आलो, माल मोजून घेताना. मग माझ्याच पिशवीत तिने आपली दोन लुगडी कोंबली, वर कुंदाची एक जुनी साडी, आणि चपला घालून माझ्याआधी रस्त्यावर गेली.
रिक्षा आली आहे. ती हाका मारतेय.