शेजारी कोण हवं

ड्रोहेडा, आयर्लंड,
१० फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. माधवीचे गुडघे कुरकुरतात, सुरुची मराठीतल्या प्रश्नाला आयरिश इंग्रजीत उत्तर देते, हवा सांगण्यासारखी नाही.

पत्राचं कारण आपला फुटबॉल क्लबच आहे. ब्रॅकनशॉ टाउनची ती चकचकीत पुस्तिका तुलाही आली असेल. १८८४ साली लोकरीच्या गिरणीतल्या कामगारांनी काढलेला क्लब, १९३१चा एकुलता एक चषक, आणि एकदम 'दहा वर्षांत युरोप'. मधली नव्वद वर्षं अर्ध्या पानात उरकलीत. गेल्या शनिवारी घरच्या मैदानावर चार गोल खाल्ले, ते युरोपच्या तयारीसाठीच असणार.

आपलं जुनं मैदान मे महिन्यात पाडतायत. नव्या स्टेडियममध्ये शेजारी कोण हवं, ते दोघांनीही अठ्ठावीस तारखेपर्यंत कळवायचं. नाहीतर कॉम्प्युटर बसवेल तिथे बसायचं.

चार वर्षं मी बोटीनं समुद्र ओलांडून इंग्लंडला सामन्यांना येतो आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीवर कोट ठेवतो. तू ब्रॅकनशॉतच राहून येत नाहीस. "कंटाळा आला," म्हणालास. मी मानलं. सोयीचं होतं.

काल फॉर्मसाठी क्लबच्या वेबसाइटवर तुझ्या खात्यात शिरलो. आपली दोन्ही वर्षभराची तिकिटं तुझ्याच नावावर, पासवर्ड अजून अण्णांची जन्मतारीख. तिथे जुने मेसेज आहेत. माझं कार्ड गेटवर लागलं की तुझ्या फोनवर मेसेज जातो, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ५ मार्च २०२२, दुपारी दोन चाळीस: 'राजीव आत आले. सामन्याचा आनंद घ्या!'

तेव्हा तू मिरजेला हॉस्पिटलात अण्णांच्या उशाशी होतास. "आठवडाभर तरी धोका नाही," असं रिपोर्ट बघून मीच सांगितलं होतं. मोठा डॉक्टर! अण्णा त्याच रात्री गेले. तुझे पाच कॉल मी उचलले नाहीत. नंतर म्हणालो, ऑपरेशन चालू होतं.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर विचारलंस, "तुझा पेशंट बरा आहे ना रे?"

"उत्तम," मी म्हणालो.

तुला माहीत होतं.

सुरुची म्हणते, "बाबा, जस्ट रिंग हिम." पण फोनवर मी पुन्हा काहीतरी हुशार बोलेन. म्हणून लिहितो. ऑपरेशन नव्हतं. फोन खिशात थरथरत होता, मला कळत होतं. आपण एका गोलनं पुढे होतो.

फॉर्मवर माझ्या बाजूनं तुझं नाव भरलंय. तुझ्या बाजूचा 'हो'ही मीच दाबू शकलो असतो. दाबला नाही.

नको असेल तर नुसता पासवर्ड बदल. मी समजेन.

अजून तरी तुझा धाकटा,
राजू