खोकला काढलेला आवाज

दुकानातून,
९ तारीख, सकाळ

चि. टिटवीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, म्हणजे चालते-फिरते आहेत. तू खोली बदललीस असं आईकडून कळलं. नव्या खोलीत ऊन येतं का? परीक्षा आहे म्हणून उपाशी राहू नकोस. रिकाम्या पोटी पाठ केलेलं पेपरात आठवत नाही.

मी फोन उचलत नाही म्हणून तू फुगली असशील. "मामा, बहिरा झालास का?" हा तुझा शेवटचा निरोप. अगं, हे साउंडचं दुकान टाकायच्या आधी दुसऱ्याच्या कर्ण्याच्या बॅटऱ्या डोक्यावरून वाहायचो, तेव्हापासून हे दोन कानच माझं भांडवल. त्यांना तरी नावं ठेवू नकोस. कारण आहे, सांगतो. आधी बातम्या.

तुझे बाबा गेल्याने रिकाम्या झालेल्या जागेची पोटनिवडणूक अगदी रंगात आली आहे. आईच्या विरोधात औषधांचे दुकानवाले उभे आहेत. माणूस भला आहे, पण त्यांच्या सभेतल्या टाळ्या हातमोजे घालून वाजवल्यासारख्या वाटतात. आई उभी राहिली की टाळ्या वाजतच नाहीत, लोक नाकं ओढतात. जन्मभर गर्दी ऐकत आलोय, टाळ्या फुकटच्या असतात, नाक ओढणारा मात्र मत देतो. तुझी आई आमदार होणार. मला मात्र धड झोप लागत नाही.

अर्ज मागे घ्यायला तिला समजाव, असं तू बजावलं होतंस. गेलो होतो गं. पण ते कळायला आधी गाडीचं सांगायला हवं.

पक्षाचे प्रचारप्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे साखरतोंडे म्हणतो, दुकानात आले. म्हणाले, "साहेबांच्या जुन्या भाषणांतून प्रचाराच्या गाडीवर लावायला काहीतरी बनवा." बनवलं. शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य ठेवलं, 'मी आहे, काळजी करू नका.' साखरतोंडे खूश. "झकास! फक्त तेवढा खोकला काढा. खोकला आला की मतदाराला दवाखाना आठवतो."

तांदळातले खडे वेचावेत तसे खोकले वेचून काढले. आता तुझे बाबा दिवसभर गल्लीबोळांतून 'काळजी करू नका' म्हणत फिरतात आणि त्यांना जरासुद्धा धाप लागत नाही. जिवंतपणी इतके ठणठणीत ते कधीच नव्हते.

गाडी तुमच्या घरावरून गेली तेव्हा आई कपडे वाळत घालत होती. तशीच ओल्या हातांनी दुकानात आली.

"दादा, यांचा खोकला कुठे गेला?"

कापलेलं मी काही टाकून देत नाही. लावून दिलं. ती हेडफोन घालून, डोळे मिटून बसली. नुसते खोकले, एकामागून एक. मधेच तिचा उजवा हात पुढे झाला आणि हवेतच कुणाची तरी पाठ चोळायला लागला. मी वायर गुंडाळायच्या निमित्ताने उठलो.

तेव्हापासून रोज सभेला जाण्याआधी येते.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या दिवशी मी म्हटलं, "सोड हे झेंगट. पोरीचंही तेच म्हणणं आहे. पक्षाने दुसऱ्याचाही अर्ज भरून ठेवलाच आहे." तर म्हणाली, "मी मागे हटले की गाडी बंद होईल ना?" होईल, म्हटलं. "मग राहू दे." मतदानाआधी प्रचार थांबतोच, तेव्हा काय करशील, असंही विचारलं. "तेव्हाचं तेव्हा."

साखरतोंड्यांना याचा वास कसा लागला कोण जाणे. भिंतींना कान असतात आणि इथले सगळे माझे नाहीत. परवा माझ्यादेखत तिला म्हणाले, "वहिनी, निवडून आल्यावर गावोगाव सत्काराच्या सभा घेऊ. प्रत्येक सभेत साहेबांचा आवाज!" तिने मान हलवली. मासा लागला की गळवाला फार हळू बोलतो.

आता फोनचं. इतका वेळ हेच लिहायचं टाळत होतो.

साखरतोंड्यांना आता तुझा आवाज हवा आहे. मी म्हटलं, तिची परीक्षा आहे. म्हणाले, "येऊच नये तिने! मामाला फोन करते ना? तेवढा रेकॉर्ड करा. सुटे शब्द मिळाले की झालं. जोडायला तुमच्यासारखा कारागीर कुठे मिळणार?" मी नाही म्हणालो. ते हसले. "तुम्ही नाही, तर स्टेशनजवळचा साउंडवाला करेल." आणि तो करेलच, हात साफ आहे त्याचा. त्यांचा एक माणूस आता माझ्यासमोरच बसून असतो, माझा फोन वाजला की मान वर करतो. आईचा फोन तर त्यांच्याच खिशात असतो. तू 'आई, जेवलीस का?' एवढंच विचारशील आणि आठवड्याभरात चौकाचौकांत 'आई' ऐकू येईल.

मी आईला सांगितलं, पोरीला यात ओढू देऊ नकोस. ती म्हणाली, "गाडीतून रोज दारावरून जाईल ना रे ती?"

म्हणून येऊ नकोस. फोन करू नकोस, मला नाही आणि आईला तर मुळीच नाही. निवडणूक झाली की बोलू, असं लिहिणार होतो, पण आईच्या नंतर ही जागा लेकीचीच, असं लोक आत्ताच बोलू लागलेत. तेव्हा कधी बोलू ते मलाही ठाऊक नाही. पत्र लिही. कागदावरून आवाज कापून घेता येत नाही.

हे लिहिताना फोन दोनदा वाजला. तूच होतीस.

तुझा बहिरा
मामा