मागच्या डाव्या स्पीकरविषयी दादास

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात वाकणं बंद आहे. कागदावर वाकलो आहे, गोड मानून घे.) तुझी शुगर कशी आहे, नवा चष्मा नाकावर नीट बसला का, आणि सूनबाई अजून बिनमिठाचंच जेवायला घालतात का, हे सविस्तर कळव. फोनवर तू सगळ्याला 'बरं आहे' म्हणतोस. अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हाही तू 'बरं आहे'च म्हणाला होतास, म्हणून लेखी विचारतो आहे. आम्ही दोघं खुशाल. हिची पाठ आणि माझा गुडघा आलटून पालटून कुरकुरतात, दोन्ही एकाच दिवशी कधी नाही, त्यामुळे घर चालू आहे.

तुझ्या नाटकाची डिस्क या पाकिटात आहे. दोन महिने लागले. तू मनात म्हणत असशील, शिंप्याची सवय, दिलेली तारीख कधी पाळली आहे यानं. पण या वेळी दोष माझा निम्माच आहे. तू दोन महिन्यांपूर्वी फोनवर जे बोललास ते मी हिला सांगितलं नाही, पण विसरलोही नाही. तू म्हणालास, वहिनींना जाऊन वर्ष झालं, फोटो आहेत, त्यांचे शब्दही आठवतात, पण आवाज आठवत नाही. डोळे मिटले की त्या बोलतात आणि ऐकू मात्र काही येत नाही. त्यांचा आवाज कुठेच नाही, कारण कुणी रेकॉर्डर काढला की त्या स्वयंपाकघरात पळायच्या. म्हणून निदान बारा वर्षांपूर्वीचं ऑफिसचं ते नाटक तरी पाठव, तो हॉल दिसेल, पडदा दिसेल, पडद्यामागे ती प्रॉम्प्टिंगची वही घेऊन उभी असायची एवढं तरी मनात येईल, असं तू म्हणालास. मी त्याच दुपारी डिस्कची प्रत काढून तुला पाठवली आणि ती तुमच्या यंत्राने थुंकून टाकली, हे तुला माहीतच आहे.

तर झालं असं, की आपल्याकडचा टीव्ही एका सेकंदात पंचवीस चित्रं दाखवतो आणि तिकडे परदेशात तुमच्याकडचा तीस. (नीट सांगायचं तर तीसही नाही, तीसला नखभर कमी. का, ते विचारू नकोस. मी विचारलं आणि माझी अख्खी सकाळ गेली.) दादा, चाळीस वर्षं मी टीव्ही बघतो आहे आणि पडद्यावर काहीही हलत नसतं हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं! सगळी चित्रं जागच्या जागी उभी असतात, पंचवीस येतात, पंचवीस जातात, आणि चालतं ते आपल्या डोक्यात. दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. हिला सांगितलं तर ही म्हणाली की तुमच्या डोक्यात काहीतरी चालतं हे ऐकून बरं वाटलं.

मी ठरवलं, आपणच बदलून पाठवू. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम मिळाला. त्याची रीत अशी, की चित्र जरा हळू चालवायचं, पंचवीसची चोवीस करायची आणि मग त्यातलीच काही दुसऱ्यांदा दाखवून तीस भरायची. बटण दाबलं, चार तास पंखा घरघरला आणि तुझं दोन तासांचं नाटक दोन तास पाच मिनिटांचं होऊन बाहेर आलं. पण हळू झालं ते चित्र. आवाज आपल्या जुन्याच वेगाने पुढे पळाला. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला फरक कळत नाही. दुसऱ्या अंकात तू न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून तोंड उघडतोस आणि आतून आरोपीच्या बायकोचा हंबरडा बाहेर येतो. तिसऱ्या अंकात तुझी हातोडी वर जायच्या आधीच टाळ्या वाजून संपतात, आणि शेवटची पाच मिनिटं सगळं कोर्ट मुक्याने चालतं. मी शिवलेला तुझा काळा झगा मात्र फार सुरेख दिसतो. (खांद्याची पडण बघ. कुठेही चुणी नाही.)

मग आवाजही तेवढाच हळू करायला हवा, हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याच वेळी हेही लक्षात आलं की आवाज एक नाहीच, सहा आहेत. तुला आठवत असेल, आमच्या मेहुण्यांना त्या वर्षी आवाजाचं वेड लागलं होतं. प्रेक्षकाला हॉलमध्ये बसल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणून त्यांनी सहा माइक लावले होते, तीन पुढे, दोन मागे आणि एक नुसता धडामधुडूम ऐकायला. हे सहाही वेगवेगळे ताणायचे आणि पुन्हा एकत्र शिवायचे. पाच मी इमानाने ताणले. सहावा, मागचा डावा, दोन मिनिटं ऐकून बघितला. नुसती कापडाची सळसळ. म्हटलं, यात काय आहे ताणण्यासारखं, राहू दे तसाच. आयुष्यात कधी अस्तराच्या कामात चालढकल केली नाही, ती इथे केली. (आणि सळसळ कुठल्या कापडाची आहे हे मला, मला कळू नये, याची लाज वेगळी.)

जोडून झाल्यावर पुढच्या खोलीत स्पीकर मांडले. मागचा डावा ठेवायला जागा नव्हती, म्हणून शिलाई मशीनवर ठेवला. नाटक लावलं. चित्र आणि आवाज बरोबर होते, पण हळू केल्यामुळे सगळ्यांचे आवाज जवळजवळ एक पट्टी खाली उतरलेले. आरोपीला सर्दी झालेली, वकील कंटाळलेले, आणि तू तर नुकताच भरपेट जेवून खुर्चीवर बसल्यासारखा. मी निराश होऊन बंद करणार, तेवढ्यात तू पाणी प्यायला पेला उचललास, रंगमंचावर शांतता पसरली आणि शिलाई मशीन म्हणालं, "साक्षीदार क्रमांक दोनला बोलवा."

दादा, अजून पहिल्याच साक्षीदाराने तोंड उघडलं नव्हतं.

मला वाटलं, कान वाजले. पण ही ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, मशीनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, वहिनी!" मग आम्ही दोघं ओळीने स्टुलांवर बसलो आणि उरलेलं नाटक मशीनकडे बघत ऐकलं, पडद्याकडे कुणी बघितलंच नाही. जसजसं नाटक पुढे गेलं तसतशा वहिनी तुझ्या आणखी पुढे गेल्या. आधी अर्धं मिनिट पुढे, मग दोन मिनिटं, मग चार. वकिलाची उलटतपासणी चालू असताना त्या निकाल सांगून मोकळ्या झाल्या. अखेर तुझं नाटक संपायला पाच मिनिटं असताना त्यांनी वही मिटली आणि त्यांच्या पर्सची चेन वाजली. हिला रडू आणि हसू एकदम आलं. मला नुसतंच रडू आलं, हे मी लपवत नाही.

मी विचार केला, की मूळ डिस्कमध्ये हा आवाज बारा वर्षं होताच, मग ऐकू कसा आला नाही? कारण वहिनी इतक्या पक्क्या होत्या. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुझं वाक्य तुझ्या कानात पोचवायच्या, त्यामुळे त्यांची कुजबुज कायम दुसऱ्याच्या बोलण्याखाली झाकलेली. मी आळस करून तो एक आवाज सोडला, तो सरकला, म्हणून मोकळ्या जागेत पडला आणि उघडा झाला. माझ्या हातून आजवर झालेल्या चुकांमधली ही एकच अशी, की ती पुन्हा करायची मला इच्छा आहे. पण हा माल तुला पाठवण्याजोगा नव्हता. तुला वहिनींचा आवाज हवा होता, तो त्यांच्याच सुरात आणि त्यांच्याच जागी. आणि पुन्हा माझ्या हाताने तो बिघडला तर दुसरीकडे कुठून आणणार? तेव्हापासून मी कॉम्प्युटरला बोट लावलं नाही.

चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक बाई जुन्या टेपांचं काम करतात. खोली एवढीशी, भिंतीला गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला काळा कागद. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि फक्त म्हणाल्या की आवाजाला हात कशाला लावलात. त्यांचं म्हणणं असं, की डोळा भाबडा असतो आणि कान खवट. आवाज आहे तसाच ठेवायचा, सेकंद न् सेकंद, आणि पंचवीस चित्रांची तीस करताना कमी पडणारी पाच शेजारच्या चित्रांतून घडवायची. म्हणजे दर सेकंदाला तुझी पाच चित्रं अशी आहेत, की तू तसा कधीच उभा नव्हतास! हात अर्धा उचललेला आणि अर्धा न उचललेला. मी विचारलं, कुणाला कळणार नाही? त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं तर सांगा." मी शिलाईतला बारीक टाका चाळीस वर्षं बघत आलो, चष्मा पुसून पुसून बघितलं, मला टाका दिसला नाही. दादा, मी त्या खुर्चीवर हात जोडून बसलो होतो.

पण खरं पुढेच आहे. सगळे आवाज जुळले की नाही हे बघायला त्यांना एक असा ठोका हवा होता, जो दिसतोही आणि सहाही माइकांत वाजतोही. मी म्हटलं, हातोडी! तुझी पहिली हातोडी आणि शेवटची हातोडी. दोन्ही ठिकाणी चित्र आणि आवाज एकत्र पडले की मधलं आपोआप बरोबर. बाईंनी डोळे मिटले, हातोडी दहा वेळा ऐकली, पडद्यावरच्या रेघा मोजल्या आणि म्हणाल्या, हा मागचा डावा माइक हॉलच्या मागे नव्हताच. त्याला ठोका फार लवकर ऐकू आला आहे. तो टेबलापासून पंधरा-सोळा फुटांवर होता, एका बाजूला. मी घरी जाऊन मेहुण्यांना फोन लावला. आधी त्यांनी उडवाउडवी केली. मग कबूल केलं की वायर कमी पडली होती, म्हणून तो माइक त्यांनी विंगेत माझ्या कपड्यांच्या रॅकवर, तुझ्या जादा झग्याच्या हँगरला टांगला होता, आणि बारा वर्षं ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये जाऊन, रॅकची जागा आठवून मी टेपने अंतर मोजलं. पावणेसोळा फूट. एका टकटकीवरून, दादा! बारा वर्षांनी, बंद खोलीत बसून!

मी बाईंना म्हटलं, मग तेवढा उशीरही काढून टाका, सगळं कसं एका रेषेत येईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुणी कोटाला चिकटपट्टी लावायला सांगितल्यावर बघतो. म्हणाल्या, "नाही. बाई तिथेच उभ्या होत्या ना? मग तिथेच राहू द्या." त्यांनी तो आवाज किंचित उचलला आहे, बाकी केसालाही धक्का लावलेला नाही. मी शेवटपर्यंत ऐकून खात्री केली आहे. हातोडी शेवटच्या ठोक्यापर्यंत जागच्या जागी पडते.

आता एक कडू गोष्ट. तू कायम सांगत आलास की वही नुसती नावाला होती, तुला सगळं तोंडपाठ असायचं. तर डिस्क ऐकताना मन घट्ट कर. वहिनींनी तुला पहिल्या 'शांतता!' पासून प्रत्येक वाक्य सांगितलं आहे. 'शांतता!' सुद्धा.

सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. हिचा तुला नमस्कार. मीठ जपून.

तुझा धाकटा

ता. क. सूनबाई हिला फोनवर म्हणाल्या की तुझ्या खोलीतल्या मागच्या डाव्या स्पीकरवर तू मनीप्लँटची कुंडी ठेवली आहेस आणि त्याची वायर काढून दिव्याला लावली आहेस. एवढं लांबलचक पत्र मी खरं तर यासाठी लिहिलं. कुंडी उचल. वायर लाव. तो चालू नसेल तर बाकी पाच नाही लावलेस तरी चालेल.

आणखी ता. क. वर मी 'प्रत्येक वाक्य' लिहिलं आहे, ते खोटं आहे, म्हणजे एका वाक्यापुरतं खोटं आहे. तिसऱ्या अंकात निकालाआधी तू एकदम गप्प होतोस. अकरा सेकंद, मी मोजले. लोक त्याला अभिनय म्हणाले, आम्ही घरचे म्हणायचो की वहिनींचं पान हरवलं असणार. पान हरवलं नव्हतं. त्या माइकमध्ये आधी माझाच आवाज आहे, घाबरलेला, इतका हलका की बाईंनी उचलला म्हणून ऐकू आला. मी झग्याला बटण लावायला तिथे उभा होतो आणि हे मी साफ विसरलो होतो. मी म्हणतो, वहिनी, अहो सांगा ना त्याला. आणि वहिनी अगदी सावकाश म्हणतात, "थांबा भाऊजी. येतं त्यांना."

मग तू बोललास.